शनिवारचं दूध

आमच्या लेकीचं काम काय होतं ते आधी सांगते, नाहीतर पुढचं सगळं दोन जावांचं भांडण वाटायचं. तसं ते होतंही, पण नुसतं तेवढंच नव्हतं.

ती परभणीला शेतकी कॉलेजात शोधाचं काम करत होती. मी भाकरी थापता थापता तिला विचारायची, काय गं, दिवसभर करतेस काय तिथं? ती सांगायची, आणि मला कळेपर्यंत सांगायची, हा तिचा गुण. मी शाळेत फार गेले नाही. वाचायला शिकले ते तिच्याच पुस्तकांवर बोट ठेवून ठेवून. म्हणून माझ्या डोक्यात जसं बसलं तसंच इथं मांडते, शिकलेल्यांनी हसू नये.

दुधात प्रथिनं असतात. प्रथिन म्हणजे लांबच लांब माळ, आणि ती स्वतःभोवतीच गुंडाळून बसलेली, लोकरीच्या गुंड्यासारखी. लेक दूध फाडायची, चोथा बाजूला काढायची आणि खाली राहिलेली हिरवट निवळी घ्यायची. त्या निवळीतल्या प्रथिनांच्या माळा ती तोडायची. कात्रीनं नव्हे, पपईच्या चिकापासून काढलेली एक पूड असते, ती टाकली की माळांचे तुकडे होतात. आता गंमत पुढं आहे. हे तुकडे शुद्ध पाण्यात ठेवून ऊब दिली की ते आपापले एकमेकांना धरतात. कोणी विणत नाही, कोणी गाठ मारत नाही. तुकड्याला तुकडा लागून दोरा होतो, असा बारीक की एका केसात असे हजारो मावतील. दोऱ्यांची जाळी होते, जाळीत पाणी अडकून बसतं, आणि भांडं उपडं केलं तरी सांडत नाही. काचेसारखी निवळ, थरथरणारी जेली. आता ह्या असल्या बारीक कामाला नॅनो का काय म्हणतात. तेव्हा आमची पोरगी नुसतं ‘लय बारीक’ म्हणायची.

“मग त्यात तुझं काय गं? आपापलंच होतंय की,” असं मी एकदा म्हणाले.

“माय, कुठं तोडायचं, किती तोडायचं, किती ऊब द्यायची, पाणी कसं पाहिजे, त्यावर ते काय बनायचं ते ठरतंय. जरा चुकलं की दोरे होतच न्हाईत. नुसते गोळे होतेत, फाटलेल्या दुधावानी. आपण बांधायचं न्हाई, पण त्यांनी आपल्याला पाहिजे तसंच बांधून घ्यावं अशी सोय लावायची.”

आणि हे कशासाठी, तर ज्वारीच्या बियाण्यासाठी. कणसात दाण्याऐवजी काळी भुकटी भरते ती काणी पडू नये म्हणून पेरताना बियाण्याला गंधकाची पूड चोळतात. ती पूड बियाण्याला धरत नाही, वाऱ्यानं उडते. पाभरीमागं चाड्यावर मूठ धरून मी किती पेरण्या केल्यात! संध्याकाळी डोळे लाल, बोटांच्या बेचक्यात आग. त्या जेलीत गंधक कालवून बियाण्यावर चोपडायचं, ती वाळून पातळ पापुद्रा होतो, आणि जाळीत औषध जागच्या जागी बसतं. हे मात्र मला एका दमात कळलं.

डेअरीचं दूध तिला चालायचं नाही. दहा गावचं, शंभर जनावरांचं दूध, कोणाचं काय खाद्य कोण जाणे. तिच्या सरांनी सांगितलं होतं, एकाच म्हशीचं दूध घे. म्हणून आमच्या गोठ्यातलं दूध जायचं. आमचं गाव पिंगळीच्या अलीकडं. ती किटली सायकलला अडकवायची, पिंगळी स्टेशन गाठायची आणि सकाळच्या गाडीनं परभणी.

म्हैस आमच्या थोरल्या जाऊबाईंची. मी त्यांना अक्का म्हणायची, लेक मोठीआई म्हणायची. घर एकत्र, चूल एक. आमचे हे रेल्वेच्या लायनीवर गँगमन, महिन्यातले थोडेच दिवस घरी. त्यामुळं घरात शब्द चालायचा तो थोरल्या भावजींचा, म्हणजे अक्कांच्या मालकांचा. माणूस वाईट नव्हता. पण पोरीची जात इतकं शिकून काय करणार, हा त्यांच्या डोक्यातला खिळा काही निघत नव्हता. झरीचं एक स्थळ आलं होतं. घरचं रान, विहीर, मुलगा शांत. भावजी म्हणाले, “शिष्यवृत्ती लागून नाव नोंदलं गेलं तर शिकू द्या. न्हाई लागली तर झरीवाल्यायला हो म्हणायचं. मी लोकायला किती दिवस ताटकळत ठेवू?”

आणि पुढच्या पदवीला नाव नोंदलं जायचं ते सरांच्या होकारावर, सरांचा होकार त्या जेलीवर. तर ती जेली बिघडायला लागली.

रोज बिघडती तर एक वेळ ठीक होतं, कारण तरी सापडलं असतं. चार दिवस काचेसारखी निवळ यायची आणि सोमवार आला की पांढरे गोळे. निवळी एका पातळ पिशवीत भरून रात्रभर शुद्ध पाण्यात बुडवून ठेवायची, म्हणजे तिच्यातला क्षार बाहेर निघून जातो, अशी पद्धत. दुसऱ्या दिवशी ऊब द्यायची. रविवारी कुलूप, म्हणून शनिवारचं दूध दोन रात्री पिशवीत राहायचं. लेकीला वाटलं, त्या जास्तीच्या रात्रीनं बिघडत असेल. तिनं मुद्दाम एकदा मंगळवारचं दूध दोन रात्री ठेवून पाहिलं. निवळ! मग वाटलं पुडीत खोट आहे. पूड बदलली. मग वाटलं आपल्या हातात खोट आहे. मधेच एखाद्या बुधवारीही गोळे व्हायचे, म्हणजे तो सोमवारचा धागाही हातातून सुटायचा. सर थट्टा करायचे, “तुझ्या प्रथिनांना सोमवारचा उपास असतो काय?” घरी येऊन ती हे हसत सांगायची, आणि जेवताना तिचा घास तसाच हातात राहायचा. मी आई आहे, मला हसू आणि हसू यातला फरक कळतो.

एक दिवस सर हसले नाहीत. म्हणाले, बाहेरून साहेब लोक काम बघायला येणार आहेत, ते बघून शिष्यवृत्तीचं ठरेल. त्यांच्यासमोर गोळे झाले तर मी तुझं नाव पुढं देऊ शकत नाही.

भेट गुरुवारी ठरली होती. गुरुवार म्हणजे बुधवारचं दूध, ती निर्धास्त होती. पण ते विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस. आज इथं बंद, उद्या तिथं मोर्चा, रस्त्यावर टायर जळतेत, एसटी डेपोतच उभी. शेजारी शेजारी राहणारी माणसं एकमेकांकडं बघायला कचरत होती. त्या दुःखाची आणि आमच्या गोष्टीची बरोबरी नाही, मी करतही नाही. पण गाड्या थांबल्या की आमचं दूधही थांबायचं. गुरुवारी बंद झाला, शुक्रवारीही गाडीचा भरवसा नव्हता, आणि साहेब लोकांचा निरोप आला: सोमवारी येतो.

सोमवार. म्हणजे शनिवारचं दूध.

निरोप ऐकून तिनं किटली घेतली आणि राख लावून घासत बसली. आधीच घासलेली किटली.

त्या शनिवारी मी पहाटे गोठ्यात गेले ती वगारीसाठी. म्हशीची वगार दोन दिवसांपासून हगवणीनं बेजार होती, मान टाकून पडायची. अक्का तिच्या काळजीनं अर्ध्या झालेल्या. मी ताक घेऊन गेले तर अक्कांची धार काढून झालेली. चरवी बाजूला, किटली समोर, आणि अक्कांच्या मुठीत काहीतरी. ती मूठ त्यांनी किटलीभोवती ओवाळली, तोंडानं पुटपुटल्या, आणि मूठ किटलीत मोकळी केली. टपटप वाजलं.

“अक्का, काय टाकलं?”

“मीठ.”

“दुधात?”

“मंग काय तुझ्या डोक्यात टाकू?” त्या वर न बघता म्हणाल्या. “शनवार हाय, त्यात अवस. इतर शनवारी पाच-सात खडे टाकते, आज मूठभर टाकले.”

मला शास्त्र कळत नव्हतं, पण रात्रभर पिशवी पाण्यात कशासाठी ठेवतात तेवढं कळलं होतं. क्षार काढायला, आणि तोही दुधात मुळातला असतो तेवढाच निघायचा. आणि इथं ही बाई खडे मीठ टाकत होती.

बाहेर सायकलची घंटी वाजली. “माय, किटली दे गं, गाडी चुकंल!”

मी हाक मारली. कशी मारली माहीत नाही, पण ती सायकल तशीच आडवी टाकून आत आली. मी नुसतं किटलीकडं बोट केलं आणि म्हणाले, “मीठ.” तिनं किटलीत करंगळी बुडवली, जिभेला लावली. आणि दावणीच्या दगडावर बसली.

“मोठीआई, कधीपासून?”

“पयल्यापासून. दर शनवारी आन् अवसेला.”

ती बोटं मोडत मनात काहीतरी जुळवत होती. शनिवार, सोमवार. मंगळवारची अमावास्या, आणि तो मधलाच बुधवार. मला तिच्या चेहऱ्यावर एकेक दिवस उतरताना दिसत होता. पुड्या बदलल्या, हात बदलून पाहिले, रडून झालं, देव झाले. आणि मीठ!

“मला सांगितलं का न्हाईस?”

“तू इचारलंस का कवा?” अक्का फणकारल्या. “आन् माझं चुकलं काय त्यात? दूध पिणारा पितो, त्याचं काय न्हाई. तुमी तर पिईनात. तुमी नुसतं बघायलाव. ते बी भिंगातून. आगं, साध्या डोळ्यानं बघितलं तर नजर लागती, भिंगानं बघितल्यावर काय व्हईल माझ्या म्हशीचं?”

लेक पदवीधर, पण तिची नजर चरवीकडं गेली.

चरवीत अजून दूध होतं. बिनमिठाचं. लेकीनं किटली रिकामी करायला उचलली तशी अक्कांनी चरवीवर पालथा हात ठेवला.

“ह्यातलं न्हाई. शनि अवसेचं दूध बिनमिठाचं, कोरडं भायेर जानार न्हाई. वगार बघ कशी पडली. आधीच्या म्हशीचं इसरलीस? डेअरीचा मानूस आला, ‘लय दूध हाय’ म्हनला, आन् तिचं दूध आटलं ते आटलंच. मी तिला बाजारात नेताना रडलेली तू बघितलीस का?”

मी बघितलं होतं. त्या रडल्या होत्याच, आणि त्याहून जास्त वेळ रिकामं दावं हातात धरून बसल्या होत्या. ही म्हैस त्यांनी वगारीपासून वाढवली, स्वतःच्या घासातला घास घालून. म्हणून मला त्यांच्यावर ओरडता येईना, आणि लेकीचं तोंड बघवेना.

तेवढ्यात भावजींचा खोकला ऐकू आला. ते रानाकडून परत येत होते. त्यांना नुसतं कळायला पाहिजे होतं, की दुधावरून गोठ्यात काही चाललंय, वगारीचा आणि दुधाचा काही संबंध जोडला जातोय. मग किटली कायमची खुंटीला लागली असती. झरीचं स्थळ त्यांच्या ओठावरच होतं.

लेक अगदी हळू बोलली. “मोठीआई, तू संग चल. दूध तुझ्या म्होरं ऱ्हाईल. तुला नजर जशी उतरायची तशी उतर, मी अडवणार न्हाई. फक्त मीठ दुधात पडू देऊ नको.”

अक्का वगारीकडं बघत राहिल्या. खोकला अंगणाच्या तोंडाशी आला. मी मनात म्हणाले, बोला आता, काहीतरी बोला.

“चूल हाय का तिथं?” अक्कांनी विचारलं.

“चूल न्हाई. गॅसची बत्ती हाय.”

“जाळ येतो ना तिला?”

“येतो.”

त्यांनी चरवीवरचा हात काढला, आणि लेकीनं किटली रिकामी करून, विसळून चरवीतलं दूध तिच्यात ओतलं. मिठाचं मडकं कोनाड्यात होतं. अक्कांनी मूठभर मीठ आणि चिमूटभर मोहरी घेऊन पदराच्या टोकाला गाठ मारली. भावजी आत आले तर म्हणाल्या, “मी परभणीला जाऊन येते. जनावराच्या दवाखान्यातून वगारीला औषध आनते.” हे खोटं नव्हतं, औषध आणायचंच होतं. भावजी म्हणाले, “सकाळच्याला?” आणि त्या म्हणाल्या, “मंग काय तिचा जीव दुपारपत्तर थांबनार हाय?”

त्या गेल्या. मी वगारीपाशी राहिले.

तिकडं काय झालं ते मला दोघींनी वेगवेगळं सांगितलं. लेक म्हणते, मोठीआई स्टुलावर बसायला तयार होईनात, फरशीवर किटलीला टेकून बसल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पोराला “लांबून जा” म्हणत होत्या. अक्का म्हणतात, मी काही बोललेच नाही. सर आले, त्यांनी विचारलं ह्या कोण. लेक म्हणाली, दूध ह्यांचं आहे. मग तिनं मिठाचं सगळं सांगून टाकलं. सर आधी खुर्चीत बसले, मग उठून उभे राहिले, मग परत बसले म्हणे. लॅक्टोमीटरवर शनिवारचं दूध नेहमी दाट दिसायचं आणि ते ‘वा, काय म्हैस आहे’ म्हणायचे, ते सगळं मीठ होतं.

अक्कांनी किटलीवरून मीठ-मोहरी उतरवली आणि गॅसच्या निळ्या जाळात टाकली. मोहरी तडतडली आणि जाळ एकदम पिवळाधमक झाला.

“बघा,” अक्का म्हणाल्या, “नजर व्हतीच.”

“अहो बाई, ते सोडियम असतं मिठात, म्हणून पिवळा...” सर सांगायला लागले.

“तुमच्यात त्याला तसं म्हनत असतील,” अक्का म्हणाल्या आणि पदर झटकून औषध आणायला गेल्या.

इथं मात्र मला हसायला सवड नव्हती. वगारीचं डोकं मांडीवर घेऊन मी भाताची पेज आणि बेलाचा गर घोट घोट घालत होते. अर्धं तोंडातून बाहेर यायचं. म्हैस दाव्याला ओढ देऊन मागं वळून वळून बघायची. मी त्या मुक्या जीवाला सांगत होते, बाई गं, आजचा दिवस काढ. उद्याचा काढ. पुढं तुला काय करायचं ते कर. असं बोलू नये, पण मी बोलले. कारण वगारीचं काही झालं तर बोट कोणाकडं जाणार ते मला दिसत होतं. अवसेला दूध कोरडं बाहेर गेलं होतं, आणि ते फक्त आम्हा तिघींना माहीत होतं. अक्कांनी तोंड उघडलं की संपलं.

संध्याकाळी त्या औषध घेऊन आल्या. वगारीनं ते गिळलं, कान हलवले. आम्ही दोघींनी एकमेकींकडं पाहिलं. अक्का म्हणाल्या, “हं.” एवढंच.

रविवारी दुपारी वगार गेली.

अक्का ओरडल्या नाहीत. तिच्या पाठीवरून हात फिरवत बसल्या, जशी ती निजलीय. मी शेजारी जाऊन बसले तर त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि त्या बघण्यात काय होतं ते मला आजही नीट सांगता यायचं नाही. रागही होता, आणि राग नव्हताही. मी बोलायला तोंड उघडलं, त्यांनी नुसती मान हलवली, नको म्हणून. लेक दारात उभी होती. ती आत आली नाही. तिची हिंमत झाली नाही.

संध्याकाळी म्हशीनं पान्हा चोरला. अक्कांनी आंबोण पुढं ठेवलं, पाठ खाजवली, कासेला कोमट पाणी लावलं. थेंब नाही. सगळा गाव ऐकेल असं ती हंबरत होती. भावजी दारात येऊन म्हणाले, “तुझंच म्हणणं होतं ना, दूध भायेर गेलं की नजर लागती? शनवारी गेलतं ना दूध?”

“गेलतं,” अक्का म्हणाल्या.

“मंग?”

“मंग काय? जेवा तुमी. भाकरी निवली.”

सोमवारी लेक पहाटेच निघाली. किटली नव्हती, दूधच नव्हतं. तिला जे काय दाखवायचं होतं ते शनिवारच्या दुधाचं पिशवीत तयार होतं. जाताना ती गोठ्यापाशी थांबली, आत वाकून पाहिलं, आणि सायकलवर बसली. मी दिवसभर एकही काम धड केलं नाही. भाकरी करपली, चूल विझली ते कळलं नाही. अक्का म्हशीपाशीच. कडबा टाकतायत, शेण काढतायत, परत बसतायत.

दिवस मावळायला लेक आली. भावजी बाजेवर बसलेले, मी दारात. तिचा चेहरा पाहून मला काही उमजेना.

“निवळ आली,” ती म्हणाली.

मी तिला पाणी आणून दिलं.

साहेब लोकांनी भांडं उपडं करून पाहिलं, जेली जागची हलली नाही. गंधक कालवून ज्वारीवर चोपडली, वाळू दिली, एका साहेबानं ते दाणे तळहातावर चोळून पाहिले, हात पांढऱ्या रुमालाला पुसला. रुमालावर पिवळं आलं नाही. मग त्यांनी एकच विचारलं, हे पुन्हा पुन्हा असंच येईल का? हिनं सांगितलं, दूध असंच येत राहिलं तर येईल. त्यांनी शिष्यवृत्ती मान्य केली. पण अट घातली: पुढच्या काही महिन्यांत सरांना एकसारखी जेली येत राहिलेली दिसली पाहिजे, कुठलाही वार असो. मधे बिघडली तर शिष्यवृत्ती थांबेल.

भावजींनी सगळं ऐकून घेतलं. विडी पेटवली. मग म्हणाले, “म्हंजे आजून पक्कं न्हाई. आन् म्हैस तर आटायली. दूध न्हाई तर काय दाखवणार? वगार गेली, उद्या म्हैस जाईल. मी म्हणतो, झरीवाल्यायला सांगून टाकू.”

लेकीनं माझ्याकडं पाहिलं. मी काय बोलणार? थोरल्या दिरापुढं आवाज काढायची आमची रीत नव्हती, आणि काढला असता तरी दूध माझं नव्हतं. ते ज्यांचं होतं त्या गोठ्याच्या उंबऱ्याशी उभ्या होत्या, हात शेणाचे. त्यांच्यापाशी एक वाक्य होतं. ‘अवसेला कोरडं दूध नेलं, म्हणून वगार गेली.’ ते त्यांना मनापासून खरं वाटत असणार, मी पैजेवर सांगते. ते वाक्य बोलल्या असत्या तर त्यांची चूक कोणीच काढली नसती.

“वगारीला हगवण व्हती,” अक्का म्हणाल्या. “दवाखान्यातल्या डॉक्टरनं बी तेच सांगितलं, लय उशीर केलाव म्हनला. म्हशीला मी बघते. झरीवाल्यायला सांगा, पोरगी शिकायलीय.”

“आगं पण...”

“पण काय? माझी म्हैस. माझं दूध.” आणि त्या हात धुवायला मोरीकडं गेल्या.

भावजी विडी ओढत राहिले. त्यानंतर त्यांनी झरीचं नाव काढलं नाही. काढलं असेल तर अक्कांपाशी, माझ्या कानावर आलं नाही.

म्हशीनं पान्हा सोडायला आठवडा घालवला. अक्का तिच्या कानाशी लागून काय काय बोलायच्या. सरकीत गूळ घालायच्या. शुक्रवारी चरवीच्या तळाला दूध लागलं. शनिवारी सकाळी किटली भरेल एवढं आलं.

त्या शनिवारी मी गोठ्यात गेले नाही. मुद्दाम अंगण झाडत बसले, पाठ करून. आतून धारेचा आवाज आला, मग झाकण लागल्याचा. अक्कांनी किटली बाहेर आणून सायकलच्या दांडीला स्वतः अडकवली. त्यांच्या पदराला गाठ होती की नव्हती ते मी पाहिलं नाही, लेकीनंही विचारलं नाही. चव घेऊन बघ, असं माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. ती चव घेईल की काय अशी भीतीही वाटली. तिनं घेतली नाही. पायडल मारलं आणि गेली.

सोमवारी परत आली तेव्हा अक्का गोठ्यात आंबोण कालवत होत्या. लेक सायकल भिंतीला टेकवून थेट तिकडं गेली. मीही मागून गेले, राहवलं नाही म्हणून.

“मोठीआई, निवळ आली.”

“मंग?” अक्का सरकीतला हात न काढता म्हणाल्या. “तिकडं हो जरा. म्हशीच्या म्होरं उभी ऱ्हाऊ नको, ती बिचकती.”